पहिलीच युरोप वारी: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस (तिकिटं, पायपीट आणि शाकाहारी पोटापाण्याचं)

नवप्रवासी

नमस्कार मंडळी. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात चौघं इटलीला निघतोय. आम्ही दोघं आणि आई-बाबा, दोघांचीही साठी उलटलेली. एकूण नऊ रात्री. कच्चा आराखडा असा: रोम ४, फ्लॉरेन्स २, व्हेनिस २ आणि परतीच्या विमानासाठी पुन्हा रोम १. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबांना चिकन-मासे चालतात, पण गुडघ्यामुळे जिने फार नकोत. व्हिसा झाला आहे.

कोणती तिकिटं आधी काढायची, आईच्या जेवणाचं काय करायचं आणि पहिल्यांदा जाणारे नेमके कुठे अडतात, हे तपशिलात सांगाल का?

पायवाट

आधी आराखडा दुरुस्त करा. शेवटची रोमची रात्र काढून टाका. रोमला उतरा आणि व्हेनिसहून उडा. व्हेनिसहून रोमला परत यायला वेगवान गाडीनेही जवळपास चार तास जातात, वर सामानाची चढउतार. ती वाचलेली रात्र व्हेनिसला किंवा फ्लॉरेन्सला द्या.

आता मुख्य गोष्ट. इटलीत स्थळदर्शन आणि जेवण यांची वेगवेगळी आखणी केली की घोळ होतो. दोन्ही एकाच घड्याळावर चालतात. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच. मग स्वयंपाकघर बंद, ते थेट संध्याकाळी सात-साडेसातला उघडतं. आपण सकाळी भरपेट नाश्ता करून निघतो, दोनला संग्रहालयातून बाहेर येतो, फोटो काढतो आणि तीनला जेवायला जागा शोधतो. त्या वेळी उघडी असतात ती फक्त प्रसिद्ध चौकांतली, दारात माणूस उभा करून बोलावणारी, चित्रांचं मेनूकार्ड लावलेली हॉटेलं. तिथे महाग आणि बेचव खाऊन 'इटालियन जेवण आपल्याला जमत नाही' असा निष्कर्ष निघतो. म्हणून संग्रहालयाचं तिकीट सकाळी साडेआठ-नऊचं घ्या, साडेबाराला बाहेर पडा, पाऊणच्या आत जेवायला बसा. तीन ते सहा हा वेळ चर्च, चौक आणि आइस्क्रीम यांच्यासाठी.

दुसरं घड्याळ साप्ताहिक सुट्टीचं. फ्लॉरेन्सची उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद, रोमची बोर्गेझे गॅलरीही सोमवारी बंद. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती अर्धा दिवस फुकट उघडतात, पण त्या दिवशी रांग इतकी लांब असते की गुडघा दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाऊच नये. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम, उफ्फिझी वगैरे सरकारी ठिकाणं फुकट असतात. तेही टाळा. फ्लॉरेन्सचे दिवस रविवार-सोमवारवर येणार नाहीत असे बसवा. २५ एप्रिल ही इटलीची राष्ट्रीय सुट्टी, गाड्या भरलेल्या असतात. त्या दिवशी शहर बदलू नका.

रुळांवरून

पायवाट यांच्याशी सहमत. तिकिटांचं सांगतो.

कोलोसियम: अधिकृत संकेतस्थळावर साधारण ३० दिवस आधी तिकिटं सुटतात, साधं तिकीट १८ युरो. त्यातच शेजारचे रोमन फोरम (जुन्या शहराच्या चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी येते. प्रत्येक तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी पडताळतात, म्हणून पासपोर्टवर आहे तसंच नाव भरा. आपल्याकडे घोळ इथेच होतो, आडनाव पहिल्या रकान्यात आणि वडिलांचं नाव गाळलेलं. वेळ फक्त कोलोसियमची ठरलेली असते, फोरममध्ये २४ तासांच्या मुदतीत एकदा जाता येतं. बाबांसाठी कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. फोरममध्ये मात्र जुन्या फरशांचे ओबडधोबड चढउतार आहेत. तिथे तासाभराहून जास्त चालवू नका.

व्हॅटिकन संग्रहालयं: २० युरो आणि आधी नोंदवल्याचे ५. दार सेंट पीटर चौकात नाही. तटबंदीला वळसा घालून व्हियाले व्हातिकानोवर आहे, चौकातून पंधरा-वीस मिनिटं चालत. चिप्रो मेट्रो स्थानक जवळ पडतं. व्हीलचेअर तिथे विनामूल्य मिळते, ओळखपत्र ठेवावं लागतं. बाबा मान्य करत असतील तर जरूर घ्या, कारण एकदा आत शिरलं की सिस्टीन चॅपेलपर्यंत लांबच लांब दालनं चालावी लागतात.

पँथियन (प्राचीन रोमन मंदिर): २०२३ पासून तिकीट लागतं, सुरुवातीला ५ युरो. सेंट पीटर बॅसिलिका फुकट, पण सुरक्षा तपासणीची रांग असते. सकाळी आठच्या आत गेलात तर रांग छोटी. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, तेव्हा बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असू शकते. घुमटावर जायला एकूण ५५१ पायऱ्या. लिफ्टचं तिकीट काढलं तरी वरच्या ३२० पायऱ्या चढाव्याच लागतात, आणि शेवटी भिंत तिरकी होत अंगावर येते. बाबांनी चढू नये.

फ्लॉरेन्सचा ब्रुनेलेस्कीचा घुमट ४६३ पायऱ्यांचा आहे, लिफ्ट नाही. त्याला वेळेचं तिकीट लागतं. खालचं कॅथेड्रल मात्र फुकट.

बोर्गेझे गॅलरीत दोन-दोन तासांच्या पाळ्या असतात आणि नोंदणीशिवाय प्रवेश मिळेलच असं धरून चालू नका. रोममध्ये मन लावून पाहायचं एकच संग्रहालय निवडा असं कुणी म्हटलं तर हेच निवडावं. माणसं मोजून सोडतात, त्यामुळे बेर्निनीच्या 'अपोलो आणि डॅफ्नी' या शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारता येते. डॅफ्नीच्या बोटांतून फुटणारी पानं नीट बघा.

पेठकरीण

कपड्यांचं राहिलं. सेंट पीटर, व्हॅटिकन, व्हेनिसचं सेंट मार्क आणि बहुतेक मोठ्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पुरुषांचेही. हाफ पँटवर परत पाठवतात. पिशवीत एक ओढणी ठेवा. साडी, पंजाबी ड्रेस उत्तम.

बूट मात्र नवे नेऊ नका. रोमच्या गल्ल्यांत 'सांपिएत्रीनी' म्हणजे काळ्या दगडाचे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात, फटींत टाच अडकते. जाड तळव्याचे, महिनाभर वापरलेले बूट घाला. ट्रॉलीची चाकं याच दगडांवर मोडतात.

सुगरण

आता आईंच्या जेवणाकडे वळू. हा धागा वाचणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न तोच असणार.

इटलीत शाकाहारी जेवण मिळणं अजिबात अवघड नाही, पण नाव वाचून अंदाज बांधला तर फसायला होतं. दोन्ही बाजूंनी. 'पिझ्झा मारिनारा' हे नाव दर्यावर्दी असलं तरी त्यात मासा नसतो, चीजही नसतं. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बास. 'पेपेरोनी' म्हणजे तिथे ढोबळी मिरची. आपण पेपरोनी म्हणून ज्या मांसाच्या चकत्या ओळखतो तो प्रकार तिथे 'सलामे पिक्कान्ते'. 'फाजोली आल्लुच्चेलेत्तो' या फ्लॉरेन्सच्या पदार्थाच्या नावात पक्षी आहे, थाळीत नाही. पांढऱ्या घेवड्याची टोमॅटो-सेज घातलेली उसळ ती. फक्त 'सेंझा साल्सिच्चा' म्हणजे सॉसेजशिवाय, असं सांगा.

उलट बाजूने पाहा. भोपळ्याच्या फुलांची भजी, 'फ्योरी दी झुक्का', दिसायला घरच्यासारखी. पण रोममध्ये पोटात मोझारेल्लासोबत 'आलीची' म्हणजे खारवलेला छोटा मासा भरतात. 'पुंतारेल्ले' ही हिरवी कोशिंबीर, तिच्या लसणीच्या चटणीत तोच मासा वाटलेला. 'सुप्ली' म्हणजे भाताचे तळलेले गोळे, भातात बहुधा मांसाचा रस्सा. 'पास्ता ए फाजोली' मध्ये डुकराची चरबी पडते. सूप आणि रिसोट्टोला (मऊ शिजवलेला भात) 'ब्रोदो' म्हणजे रस्सा लागतो, तो मांसाचा की भाज्यांचा हे विचारायलाच हवं. काही पोळ्या-ब्रेडमध्ये 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी असते.

अंड्याची खूण सोपी आहे. स्पॅगेटी, पेन्ने, रिगातोनी हा सुका पास्ता रवा आणि पाण्याचा, अंडं नाही. 'पास्ता फ्रेस्का' म्हणजे ताजा पास्ता, फेत्तुच्चिने, ताल्यातेल्ले, राव्हिओली, यांत अंडं धरूनच चाला. न्योकीच्या बटाट्यातही कधी कधी असतं. कार्बोनारा पास्ता अर्थातच नाही, त्यात अंडं आणि डुकराचं मांस असतं.

मेनूच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ॲलर्जीकारक घटकांची यादी असते आणि पदार्थांपुढे आकडे. युरोपीय संघाच्या यादीत १४ घटक आहेत, त्यात ३ म्हणजे अंडं आणि ४ म्हणजे मासा. बहुतेक हॉटेलं तोच क्रम ठेवतात, तरी आकड्यांचा अर्थ त्याच पानावर एकदा ताडून घ्या. वेटरला इंग्रजी येत नसेल तरी या आकड्यांवर बोट ठेवून काम होतं.

शाकाहारी सातारकर

सुगरण यांनी चीजचं लिहिलं नाही म्हणून जोडतो. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध साकळवणारा घटक) बनतं, नियमच तसा आहे. पेकोरीनो रोमानोला कोकराचं रेनेट. म्हणजे 'काचो ए पेपे' हा चीज-मिरीचा पास्ता मांसविरहित असला तरी कडक शाकाहारी नाही. आईंना हे चालतं का ते घरीच ठरवा, तिथे टेबलावर नको. चालत नसेल तर 'सेंझा फोर्माज्जो', चीज नको, इतकंच म्हणा. मास्कारपोने आम्ल घालून फाडतात, त्यात रेनेट नसतं, पण तिरामिसूमध्ये अंडी असतातच. पान्ना कोत्ता या सायीच्या गोड पदार्थाला जिलेटिन.

सुगरण

बरोबर, हे यायलाच हवं होतं. या सगळ्या चाळण्यांतून खात्रीने उरणारं जेवण असं:

पेन्ने आर्राब्याता (टोमॅटो, लसूण, लाल मिरची), स्पॅगेटी आल्लियो ओलियो ए पेपेरोन्चीनो (लसूण, तेल, मिरची), स्पॅगेटी आल पोमोदोरो. पिझ्झा मारिनारा. आणि मेनूतला 'कोंतोर्नी' हा भाग, ज्याकडे आपली माणसं बघतच नाहीत. तिथे खरी भाजी असते. रोममध्ये 'चिकोरिया रिपास्साता' मागवा: कडसर पालेभाजी उकडून लसूण आणि सुक्या मिरचीवर परतलेली. आपल्या चवीला ती पहिल्या घासात ओळखीची वाटते. सोबत ब्रेड घ्या. 'कार्चोफी आल्ला जुदिया' म्हणजे रोमच्या ज्यू वस्तीतला अख्खा तळलेला आर्टिचोक, फुलासारखा उमललेला, पानं पापडासारखी कुरकुरीत. एप्रिलमध्ये अजून हंगाम असतो. नक्की खा.

फ्लॉरेन्समध्ये 'पाप्पा आल पोमोदोरो' (शिळा ब्रेड टोमॅटोत शिजवलेला) आणि 'रिबोल्लीता' (घेवडा, काळा कोबी, ब्रेड) असतं, दोन्हींत ब्रोदो विचारून घ्या. तिथला ब्रेड बिनमिठाचा असतो, जुनी तोस्कानी रीत. बिघडलेला नाही. मिठाची पुडी मागा.

वाक्यं चार पाठ करा: 'सोनो वेजेतारियाना' (पुरुषाने 'वेजेतारियानो'), 'सेंझा कार्ने, सेंझा पेश्शे, सेंझा उओवा' (मांस, मासे, अंडं नको), 'चे ब्रोदो दी कार्ने?' (मांसाचा रस्सा आहे का?), आणि शेवटी 'इल कोंतो, पेर फाव्होरे'. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत. ताटकळत ठेवतात असं वाटून चिडू नका, बिल टेबलावर आणून ठेवणं तिथे उठवल्यासारखं समजतात.

नवप्रवासी

बाप रे, पेपेरोनी माहीतच नव्हतं. सगळं वहीत उतरवतेय. बाबांसाठी काय? आणि 'कोपेर्तो' म्हणून पैसे लावतात ते खरं का?

पायवाट

कोपेर्तो म्हणजे टेबल, ब्रेड, चादरीचे माणशी पैसे, साधारण २ ते ४ युरो. फ्लॉरेन्स-व्हेनिसला सर्रास असतो आणि मेनूवर लिहिलेला असावा लागतो. रोम ज्या लात्सियो प्रांतात आहे तिथे २००६ च्या कायद्याने कोपेर्तो लावता येत नाही, म्हणून 'पाने' (ब्रेड) किंवा 'सेर्व्हित्सियो' या नावाने लावतात. ब्रेड नको असेल तर येताक्षणीच परत करा. वर टीप देण्याचं बंधन नाही.

बाबांसाठी: 'पोल्लो' कोंबडी, 'मान्झो' आणि 'व्हितेल्लो' गोमांस, 'मायाले' डुक्कर, 'आन्येल्लो' कोकरू. बोलोन्येझे रागू या पास्त्यावरच्या खिम्याच्या सॉसमध्ये बहुधा गाय-डुक्कर दोन्ही. फ्लॉरेन्सची 'बिस्तेक्का' (स्टेक) आणि गाड्यांवर मिळणारं 'लांप्रेदोत्तो' (गायीचं चौथं जठर) हे गायीचंच. चालत नसेल तर माहीत असलेलं बरं.

मासे आणि बिस्तेक्का यांपुढे 'आल्लेत्तो' किंवा 'एत्तो' लिहिलेलं असेल तर ती किंमत १०० ग्रॅमची असते. ७ युरो वाचून मासा मागवला आणि तो ६०० ग्रॅमचा निघाला तर बिल ४२ युरो. मागवण्याआधी वजन करून आकडा सांगायला सांगा, ते रीतीला धरूनच आहे. पदार्थापुढे चांदणी असेल तर तो गोठवलेला.

मिलानवासी

इथल्या 'बार'चं समजून घ्या, कारण दिवसातून दोनदा तरी तिथे जाल. बार म्हणजे कॉफीचं दुकान. गर्दीच्या ठिकाणी आधी 'कास्सा'वर जाऊन काय हवं ते सांगून पैसे भरायचे, 'स्कोन्त्रीनो' म्हणजे पावती घ्यायची, ती कॉफीवाल्यासमोर ठेवायची आणि उभ्याने प्यायची. एस्प्रेसो साधारण १.२० ते १.५० युरो. तीच कॉफी चौकातल्या खुर्चीवर बसून घेतली तर कित्येक पट. हा फरक फसवणुकीचा नाही, दरपत्रकावर 'बांको' (उभ्याने) आणि 'ताव्होलो' (बसून) असे दोन रकाने असतात. ते बघा.

'लात्ते' मागितलंत तर नुसतं दूध येईल, 'काफ्फे लात्ते' म्हणा. आपल्यासारखा चहा मिळणार नाही. कोमट पाण्याचा कप आणि बाजूला पिशवी येते. आईंना चहा लागत असेल तर चहा पावडर आणि आलं-सुंठ पूड घरून आणा, दूध इथलं घ्या.

ब्रेकफास्टच्या 'कोर्नेत्तो'त अंडं असतं. आईंसाठी रोममध्ये 'पिझ्झा ब्यांका' चांगली: चीज नसलेली, तेल-मिठाची खमंग रोटी. बेकरीत बोटांनी लांबी दाखवायची, तेवढी कापून वजनावर देतात. स्त्रुत्तो आहे का हे मात्र विचारा.

रुळांवरून

रेल्वे. वेगवान गाड्या (फ्रेच्चारोसा, इतालो) आरक्षणाच्या. तीन-चार महिने आधी काढलं तर खूप स्वस्त, पण स्वस्त तिकिटावर गाडी बदलता येत नाही. रोम तेर्मिनी ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस सव्वादोन तास. स्थानकांची नावं बघून उतरा: फ्लॉरेन्सला 'फिरेंझे सांता मारिया नोव्हेल्ला', व्हेनिसला 'व्हेनेत्सिया सांता लुचिया'. त्याच्या आधी मेस्त्रे (व्हेनिसचं मुख्य जमिनीवरचं उपनगर) येतं, निम्मा डबा तिथे रिकामा होतो, ते बघून उतरू नका. पुढे पुलावरून दोन्ही बाजूंना पाणी दिसायला लागलं की समजा बरोबर आहात.

प्रादेशिक गाडीचं ('रेजोनाले') कागदी तिकीट फलाटाकडे जाताना असलेल्या छोट्या यंत्रात सरकवून तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड होतो. मोबाइलवरचं प्रादेशिक तिकीट असेल तर गाडीत बसण्याआधी त्यातच 'चेक-इन' करायचं. वेगवान गाडीला यातलं काही नाही.

रोमचं बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं, १०० मिनिटं चालतं, पण मेट्रो एकदाच. संपर्करहित कार्ड दारावर टेकवूनही जाता येतं. माणशी वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर चौघं नाही.

फ्युमिचीनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस ही गाडी माणशी १४ युरो. चौघांचे झाले ५६. पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतला ठरीव दर ५५ युरो, सामानासकट. चौघं असाल तर टॅक्सी. आगमन कक्षात 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत जवळ येणाऱ्यांबरोबर जाऊ नका, बाहेरच्या रांगेत उभे राहा आणि बसण्याआधी ठरीव दर बोलून घ्या.

पेठकरीण

खिसेकापू. रोमची ६४ क्रमांकाची बस (तेर्मिनी ते व्हॅटिकन) आणि मेट्रोची ए लाइन यांसाठी कुप्रसिद्ध. पद्धत बहुतेक वेळा एकच: दारात चढताना पुढचा माणूस अडखळतो, मागचे ढकलतात, तेवढ्या चार सेकंदांत काम होतं. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, मोबाइल मागच्या खिशात नको. तेर्मिनीला तिकीट यंत्रापाशी मदतीला येणाऱ्याला हात लावू देऊ नका. मनगटावर दोरा बांधायला, गुलाब हातात द्यायला येतात, हात मागे घ्या आणि चालत राहा. पदपथावरच्या नकली ब्रँडच्या पर्सही घेऊ नका. तिथे विकत घेणाऱ्यालाही दंड आहे, ३०० ते ७,००० युरो. रोमच्या स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे.

शाकाहारी सातारकर

घरून काय न्यायचं याबद्दल. युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर नाही. ताजी फळं-भाज्या रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद फक्त अननस, नारळ, डुरियन, केळी आणि खजूर. एप्रिल-मेमध्ये नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेणारे इथेच अडकतात. ताजा कढीपत्ताही काढून ठेवा.

मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, पोह्यांचा चिवडा, तेलातल्या चकल्या, कोरडे मसाले यांना अडचण नाही. वरण-भातासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या ('आंगोलो कोत्तुरा'). साध्या हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावू नका, धुराची घंटा वाजते.

प्लग: इटलीत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट. मोबाइलचा बारीक दोन पिनांचा चार्जर तसाच बसतो. तीन जाड पिनांचा बसत नाही, त्याला ॲडाप्टर लागेल.

मिलानवासी

सुपरमार्केटमध्ये फळं घेताना एक पायरी चुकते आणि मग काउंटरवर परत पाठवतात. फळांना उघड्या हाताने शिवत नाहीत. शेजारी पातळ प्लास्टिकचे हातमोजे असतात, ते घालायचे. पिशवीत फळं घ्यायची, टोपल्यावर लिहिलेला आकडा लक्षात ठेवायचा, काट्यावर पिशवी ठेवून तो आकडा दाबायचा, चिकटपट्टी बाहेर येते, ती पिशवीवर लावायची. मगच बिलाला. आईंच्या चतुर्थीची सोय यातच होईल: केळी, सफरचंद आणि 'योगुर्त ब्यांको इंतेरो' म्हणजे साधं सायीचं दही.

पाणी विकत घेत बसू नका. रोममध्ये रस्तोरस्ती 'नाझोने' नावाचे लोखंडी नळ आहेत, पाणी पिण्याचं आणि गार. नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंजं उडतं, वाकायची गरज नाही. बाबांना सोपं.

नवप्रवासी

व्हेनिसबद्दल कुणी सांगाल? मेस्त्रेला राहणं स्वस्त दिसतंय.

पेठकरीण

मेस्त्रे खरंच स्वस्त आहे, गाडी दहा-बारा मिनिटांची. बजेट असेल तर वाईट नाही.

पायवाट

इथे मात्र माझं मत वेगळं. दोन-तीन रात्रीच आहेत, तर मुख्य बेटावर राहा. दिवसाचे पर्यटक संध्याकाळी पाच-सहाला निघून जातात आणि त्यानंतर शहर तुमचं असतं. बाबांना दुपारी खोलीवर जाऊन पाय पसरता येतील, हा फायदा पैशांत मोजता येत नाही. मात्र हॉटेल निवडताना नकाशात पूल मोजा. व्हेनिसमध्ये वाहन नाही, पूल म्हणजे दोन्हीकडे पायऱ्या, आणि ट्रॉली प्रत्येक पुलावर उचलायची. व्हापोरेत्तोच्या (सार्वजनिक बोट) थांब्यापासून एकही पूल न ओलांडता पोहोचता येईल असंच हॉटेल घ्या.

व्हापोरेत्तोचं एक तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटं. ४८ तासांचा पास ३५ युरो, तुम्हाला तोच परवडेल. पास पहिल्यांदा यंत्रावर टेकवल्यापासून मुदत सुरू होते, म्हणून आदल्या रात्री उगाच टेकवू नका. १ नंबरची बोट ग्रँड कॅनॉल या मुख्य कालव्यावर थांबत थांबत जाते. सकाळी सातच्या सुमाराला स्थानकापासून सान मार्को (सेंट मार्क) थांब्यापर्यंत पुढच्या उघड्या बाकावर बसून जा, चाळीसएक मिनिटांत दोन्ही तीरांवरचे सगळे महाल एका तिकिटात होतात.

गोंडोलाचा अधिकृत दर बोटीमागे आहे, माणशी नाही: दिवसा ३० मिनिटांचे ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांचे ११०. एका बोटीत पाच जण. नुसती अनुभूती हवी असेल तर 'त्रागेत्तो' घ्या, ग्रँड कॅनॉल पार करून देणारी साधी गोंडोला, माणशी २ युरो.

सेंट मार्कच्या घंटाघरात लिफ्ट आहे. बाबांना उंचावरून शहर दाखवायचं ते इथेच.

ठरावीक दिवशी दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क असतं, २०२४ पासून. रात्री मुक्काम करणाऱ्यांना माफ, मेस्त्रेला राहिलात तरी, पण संकेतस्थळावर माफीची नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तुमच्या तारखा एप्रिलच्या आहेत म्हणून वेळापत्रक नक्की बघा. हॉटेलांचा शहरकर वेगळा, तो खोलीभाड्यात बहुधा धरलेला नसतो. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलला माणशी रात्री ६ युरो. चौघांचे चार रात्रींचे ९६. रोख तयार ठेवा.

सुगरण

व्हेनिसला जेवणाऐवजी 'चिकेत्ती' खा. 'बाकारो' म्हणजे छोटं मद्यगृह, काचेच्या कपाटात ब्रेडच्या चकत्यांवर नाना प्रकार मांडलेले, बोट दाखवायचं. बाबांसाठी 'सार्दे इन साओर': तळलेली सार्डिन, वर व्हिनेगरमधला कांदा, बेदाणे, पाइन नट. आंबटगोड. ताजी तळलेली नसते, मुरवलेली असते, आणि तशीच चांगली लागते. आईंसाठी 'फोंदी दी कार्चोफो' (आर्टिचोकचे बुंधे लसूण-पार्सलीत शिजवलेले) आणि तळलेला 'पोलेंता', मक्याच्या पिठाची वडी.

आइस्क्रीमचं एक. पिस्ता गडद हिरवा आणि डोंगरासारखा रचलेला असेल तर पुढे चला. खरा पिस्ता मळकट हिरवा-तपकिरी असतो. झाकणाच्या धातूच्या डब्यांत ठेवलेलं असेल तर चांगली खूण. 'क्रेमा' मध्ये अंडं असतं, 'फ्योर दी लात्ते' मध्ये बहुधा नसतं, 'सोर्बेत्तो' फळांचं, बिनदुधाचं. तरीही आकडे बघा.

नवप्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: तिकीट न काढता, फार न चालता, आई-बाबांना शांतपणे बसून बघता येईल असं रोममध्ये काय?

रुळांवरून

पियात्सा नाव्होनाजवळचं सान लुईजी देई फ्रांचेझी चर्च. प्रवेश फुकट, दुपारी मध्ये बंद असतं, वेळ बघून जा. आत गेल्यावर डावीकडची शेवटची छोटी खोली. तिथे काराव्हाज्योची तीन चित्रं आहेत, त्यातलं 'सेंट मॅथ्यूला बोलावणं' १५९९-१६०० मधलं. खोली अंधारी असते. कठड्याजवळच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. सुटी नाणी जवळ ठेवा. चित्रातला उजेडही उजवीकडून येतो, खोलीच्या खऱ्या खिडकीच्या बाजूने पडल्यासारखा.

तिथून पँथियन पाच मिनिटं, फक्त त्याला तिकीट लागतं. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही ४३.३ मीटर, सळ्या न घातलेलं काँक्रीट, सम्राट हेड्रियनच्या काळापासून उभं. वरचं भोक उघडंच आहे. पाऊस आला तर आत पडतो, म्हणून मधली फरशी किंचित उतरती आहे आणि तिच्यात निचऱ्याची छोटी भोकं आहेत, खाली बघितल्याशिवाय दिसत नाहीत. कडेला बाकं आहेत, बाबांना तिथे बसवा.

पायवाट

व्हॅटिकन संग्रहालयांच्या तिकिटात येणाऱ्या सिस्टीन चॅपेलमध्येही तेच करा. लोक मध्यभागी मान वर करून उभे राहतात आणि पाच मिनिटांत मान अवघडून निघतात. भिंतीलगत दोन्ही बाजूंना दगडी बाकं आहेत, जागा होईपर्यंत थांबा आणि मग बसून पाठ भिंतीला टेकवून बघा. छतावरची चित्रं १५०८ ते १५१२, वेदीमागच्या भिंतीवरचं चित्र १५३६ ते १५४१, दोन्ही मायकेलअँजेलोचीच. फोटोला मनाई आहे, बोलायलाही. छोटी दुर्बीण असेल तर बाबांना द्या.